बेसबॉलमध्ये मारियानो रिवेराला सर्वोत्तम रिलीफ पिचर (आधीच्या पिचरच्या, म्हणजे बॉलरच्या, जागी मधेच येणारा) का मानतात? तो तर सामन्यात जेमतेम एकच इनिंग टाकायचा!

एकच खरी, पण कुठली ते बघा. नववी, म्हणजे शेवटची. आघाडी एक ते तीन रनांची, आणि काही बिनसलं तर सावरायला मागे कोणी नाही. टी-ट्वेंटीत विसावी ओव्हर कुणाला द्यायची यावर कॅप्टनची झोप उडते, तसलंच काम. त्याच्या संघाने, न्यूयॉर्क यांकीजने, १९९७ मध्ये ते रिवेरावर सोपवलं आणि २०१३ ला तो निवृत्त होईपर्यंत निर्धास्त राहिले. अशी राखलेली आघाडी म्हणजे ‘सेव्ह’. त्याच्या नावावर ६५२ आहेत, आजही विक्रम.

पण मला विचाराल तर खरी गंमत आकड्यांत नाही. पनामातल्या पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावातून आलेल्या, वडिलांच्या बोटीवर राबलेल्या या माणसाकडे मुख्य बॉल एकच होता: कटर. तोही १९९७ मध्ये सहकारी रामिरो मेंडोसाबरोबर कॅच-थ्रो करताना अचानक सापडलेला. आधी त्याने ते वळण घालवायचीच खटपट केली! बॅटरला सरळ फास्ट बॉल दिसतो, तो बॅट फिरवतो आणि ऐनवेळी बॉल काही इंच सरकतो. डावखुऱ्याच्या तर थेट मुठीवर. लाकडी बॅट तिथे बारीक असते, कडाड! शेवटच्या मोसमात प्रतिस्पर्धी मिनेसोटा ट्विन्सने त्याला मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची भेट दिली, ती उगाच नाही. काय येणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी मारता येईना.

हरलाही. २००१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना, नववी इनिंग, ॲरिझोनाविरुद्ध यांकीज २-१ ने पुढे. आधी दुसऱ्या बेसकडचा त्याचाच थ्रो भरकटला, मग ॲरिझोनाच्या टोनी वोमॅकने बरोबरी साधली. जिंकून देणारा रनर तिसऱ्या बेसवर, रनपासून एकच टप्पा दूर, म्हणून इनफिल्डर (बेसजवळचे फील्डर) पुढे ओढलेले. डावखुऱ्या लुईस गोन्झालेसला कटर नेहमीसारखाच मुठीपाशी लागला, बॉल लेचापेचा उडाला आणि यांकीजचा इनफिल्डर डेरेक जीटर याच्या मागे पडला. जीटर नेहमीच्या जागी असता तर साधा कॅच होता. ॲरिझोना जिंकली.

तरीही पोस्टसीझनच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, १४१ इनिंगमध्ये त्याचा ईआरए ०.७०, म्हणजे नऊ इनिंगमागे एक रनसुद्धा नाही. २०१९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी (दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी) ४२५ पैकी ४२५ मतं पडली. जुन्या जमान्यातल्या महान बेब रूथला हे जमलं नव्हतं, आणि २०२५ मध्ये जपानी स्टार इचिरोचं एका मताने हुकलं.