पाणी कुठून येतं ते आधी बघ

प्रिय लेकी,

नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीतलं घर तुम्ही घेतलंत आणि तेही मूळचं, कौलारू, कुणी न पाडलेलं, हे वाचून मला फार आनंद झाला. त्या वसाहतीतली अनेक घरं पाडून तिथे पक्क्या स्लॅबचे बंगले उभे राहिले. तुम्हालाही येणारा-जाणारा तेच सुचवत असेल.

शक्य तेवढं काम दोघांनी आपल्या हाताने करायचं म्हणता आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो, असं लिहिलंस. त्यांना एवढंच सांग की ही वसाहत त्याच हिशेबाने बांधली होती. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात ती उभी केली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर लांब-रुंद, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, ती मुद्दाम. राहणाऱ्याने ऐपतीप्रमाणे, साध्या गवंडी-सुताराला हाताशी धरून घर वाढवावं, बदलावं आणि शेजारच्याला धक्का लागू नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे तुम्ही करताय ते त्या घराला परकं नाही.

मात्र तुझी कामांची यादी मला उलटी करायची आहे. त्यात पहिला आहे किचनचा ओटा, मग हॉलची फरशी, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून, छप्पर. दिवाळीच्या आत नव्या ओट्यावर फराळ करायचा आहे हे मला समजतं. पण जुन्या घरातल्या कामांचा क्रम आपली हौस ठरवत नाही, पाणी ठरवतं. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तुमच्या घराच्या मागे तर पारसिकचा डोंगर आहे. वरून येणारं, जमिनीतून चढणारं आणि नळातून झिरपणारं, अशी तिन्ही पाणी आटोक्यात आल्याशिवाय घातलेला पैसा पुन्हा फोडावा लागतो.

आत्ता श्रावण चालू आहे आणि घर रिकामं आहे, यापेक्षा चांगली वेळ मिळायची नाही. कामाला हात लावू नका, फक्त बघा. दर शनिवारी दोघं जा आणि ओलीची कड खडूने भिंतीवर आखून शेजारी तारीख टाका. ओल भिंतीच्या माथ्याशी असेल तर कौलांकडे किंवा पन्हळीकडे बघायचं. खिडकीखाली असेल तर खिडकीच्या उंबऱ्याकडे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्यावर पांढरा लोणा (क्षारांची पूड) फुलला असेल, तर ते पाणी जोत्यातून चढतंय. एकाच जागी डाग असेल आणि पाऊस उघडला तरी वाळत नसेल, तर भिंतीतली पाइपलाइन गळतेय. शंका राहिली तर फूटभर चौकोनी जाड प्लॅस्टिक घेऊन चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद कर. दोन दिवसांनी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेतली, आणि तिला खिडक्या उघड्या ठेवणं हाच उपाय.

जोत्यातून चढणाऱ्या ओलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथेच लोकांना सर्वांत जास्त फसवलं जातं. कुणी सांगेल टाइल्स लावा, कुणी पीव्हीसी पॅनेल ठोकायला सांगेल, कुणी महागडा रंग. यातलं काहीही केलं तरी विटांतलं पाणी तिथेच राहतं आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून आणखी वर चढतं. पुढच्या पावसात पट्टा टाइल्सच्या वर दिसतो. आधी बाहेर जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी मागच्या मालकांनी फरशीवर फरशी घालून भोवतालची जमीन उंच केलेली असते आणि जोतं बुडालेलं असतं. ती फरशी काढून उतार घरापासून लांब द्या, पाणी निघून जायला छोटं गटार करा. आतलं लोणा धरलेलं प्लास्टर ओलीच्या कडेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून विटा उघड्या ठेवा, आणि थंडी संपेपर्यंत तशाच राहू द्या. घर कुरूप दिसेल, पाहुणे नावं ठेवतील. ठेवू देत. वाळलेल्या विटेवर केलेलं प्लास्टर टिकतं.

छप्पर मार्च-एप्रिलमध्ये शाकारून घ्या, मेच्या मध्यापर्यंत माथ्यावरचं शेवटचं कोन कौल बसलं पाहिजे. कौलं उतरवली की वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) एकेक करून टोच्याने तपासायच्या. टोचा सहज आत गेला तर लाकूड गेलं. वाळवीची मातीची नळी कुठे दिसली तर तिचा माग जमिनीपर्यंत काढायचा, नुसतं वरून औषध मारून भागत नाही. एक गोष्ट आत्तापासूनच सुरू करा: जुनी कौलं जमवा. नव्या कौलांचा साचा जुन्याशी जुळेलच असं नाही, खाचेत खाच बसली नाही की तिथूनच गळतं. आसपास कुठे जुनं घर उतरवत असतील तर तिथून चांगली निवडून आणा आणि तुमच्या एका कौलाशी लावून बघूनच पैसे द्या.

आता भिंती. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून सगळं मोकळं करायचं तुमच्या मनात आहे. ही कॉलम-बीमची इमारत नाही, छपराचं वजन विटांच्या भिंतींवर आहे. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोज. प्लास्टरसकट दहा इंचांच्या आसपास भरली तर ती नऊ इंची, आणि ती भार घेत असणार. सहाच्या आत असेल तर साडेचार इंची, पण तेवढ्यावरही भरवसा ठेवू नको, वर तुळई किंवा वासा टेकलाय का ते बघ. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय त्या भिंतीला घण लागता कामा नये. त्याच भेटीत त्याला छज्जे आणि दारा-खिडक्यांवरच्या लिंटेल, म्हणजे काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या, दाखव. खाडी जवळ आहे, खाऱ्या हवेने आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. बाहेरून नुसती चीर दिसते. भिंत हलवायची किंवा बांधकाम वाढवायचं तर महापालिकेची परवानगी लागते, शिवाय जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची आहे, तेव्हा कागद आधी.

वायरिंगसाठी भिंतीत खाचा पाडताना आडव्या खाचा शक्यतो नकोच. विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक सांगतं की उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल असू नये. नऊ इंची भिंतीत आडवी खाच दीड इंचाच्या पुढे गेली की भिंत अशक्त झाली असं समज. कटर चालवणारा मुलगा हे विचारात घेणार नाही, त्याच्याशेजारी तुम्हालाच उभं राहायला लागेल. बाकी विजेचं काम परवानाधारक माणसाकडूनच. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. यात स्वतः हात घालायची हौस नको.

नळाचं काम हे दुसरं ठिकाण जिथे घाई महागात पडते. जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन आतून गंजून बारीक झालेली असेल, ती पूर्ण बदला, अर्धी ठेवू नका. नवी टाकली की टाइल्स लावण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब चढवायला सांगा आणि मापकाचा काटा रात्रभर जागेवर राहतो का ते बघा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायचं तोंड) बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस तुंबवून ठेवा. प्लंबर म्हणेल, 'मॅडम, गरज नाही, माझी गॅरंटी.' तरी ठेवा. गॅरंटी देणारा फोन उचलेलच असं नाही. फरशीला ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर उतार हवा, तो पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने स्वतः मोजा.

मग तुमच्या हाताला काय उरलं, असं तुला वाटेल. पुष्कळ उरलं, आणि तेच खरं महत्त्वाचं आहे. नव्या प्लास्टरवर निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं असतं. गवंडी दुसऱ्या साइटवर जातो आणि हे काम कुणाचंच राहत नाही. त्या एका हयगयीने चांगल्या मालाचं प्लास्टर भुसभुशीत होतं. ते तुम्ही करा. नाण्याने ठोकून पोकळ वाजणारं प्लास्टर शोधा आणि खडूने खुणा करा. दारं-खिडक्या घासून नवी करा, पण इथे सावध राहा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या चौकटींवर चाळीस वर्षांचे ऑइलपेंटचे थर आहेत, त्यात हे विषारी शिसं असू शकतं. कोरडं घासायचं नाही. पाणपेपर ओला करून घासा, तोंडाला साधं फडकं नको, एन-९५ मास्क लावा, आणि कपडे तिथेच बदलून घरी या. बाळाचा विचार चालू असेल तर ते काम तू अजिबात करू नकोस, जावयालाच करू दे. मागच्या मोरीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असण्याची दाट शक्यता आहे. फोडायचे नाहीत, छिद्र पाडायचं नाही, पाणी मारून अख्खे उतरवून घ्यायचे.

राडारोडा उचलायला टेम्पोवाला स्वस्तात तयार होईल. तो कुठे टाकणार हे विचार. रात्री खाडीकाठच्या खारफुटीत जाऊन ओतायचा असेल तर तो स्वस्तपणा आपल्याला नको. महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून रीतसर पाठवा. आणि वाळू-विटा अंगणात उतरवण्याआधी बाकीच्या सहा घरी जाऊन सांगून या. ते अंगण सातांचं आहे.

तुम्हा दोघांच्यात वाद होतील. धुळीत, उन्हात, हातातले पैसे संपत आले की होतातच. माझं म्हणणं इतकंच की कामागणिक शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरवा. लाकूडकाम त्याचं असेल तर त्यात तू बोलायचं, पण निर्णय त्याचा. गवंड्यासमोर एकमेकांचं बोलणं खोडू नका, तो दोघांपैकी सोयीचं तेवढंच ऐकेल. ठरवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा आणि तो कौलं उतरेपर्यंत मोडू नका, कारण खाली काय निघेल ते तोवर कुणालाच सांगता येणार नाही.

छपरावर एकट्याने चढायचं नाही, खाली शिडी धरायला माणूस हवाच. ठेकेदाराचं अंदाजपत्रक आलं की सही करण्याआधी मला पाठव. त्यात वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग आणि राडारोडा यांचे आकडे वेगवेगळे लिहून घे. 'एकूण रक्कम' असा एकच आकडा असेल तर परत कर. गणपती झाले की मी एखाद्या रविवारी येतो, तोवर भिंतींवरच्या खडूच्या रेघा पुसू देऊ नकोस.

तुझा,
काका