कोल्हापूरचा आहे, देवगडला खाडीकाठी जागा घेतोय. पुढची खारफुटी काढून दगडी बंधारा घालावा का?

अजिबात नको. तोडायला तशीही उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर बंदी आहे. आपण पंचगंगेच्या पुराची माणसं, पाणी चढताना बघतो. लाट आदळते ते वेगळं. तिवराची, म्हणजे खारफुटीच्याच एका झाडाची, बोटाएवढी मुळं चिखलातून वर आलेली दिसतील, लाटेचा जोर त्यांच्यातच मोडतो आणि गाळही धरला जातो. शंभर मीटर पट्ट्यात लाटेची उंची १३ ते ६६ टक्के घटते. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाड्यात रुंद खारफुटीमागच्या गावांत माणसं कमी दगावली. जगभरात वर्षाला ६५ अब्ज डॉलरहून जास्त नुकसान टळतं, असा २०२० चा अंदाज आहे. बंधाऱ्यावर आपटलेली लाट मात्र परतताना पायथ्याचीच माती उकरते. घर जरा मागे बांधा.