पंपिंग उत्तम, मग दम का लागतो?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. बीपीच्या गोळ्या पंधरा वर्षं चालू आहेत. गेले सहा महिने दुसऱ्या मजल्यावर चढताना ती जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते. टू-डी इको केला. ‘ईएफ ६२ टक्के, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ असा रिपोर्ट आला आणि ‘पंपिंग उत्तम आहे, बाकीचं वयोमानानं असतंच’ असं सांगितलं गेलं. पंपिंग उत्तम आहे, तर आई थांबते कशाला? रिपोर्टचा फोटो जोडला आहे. – एक वाचक, कराड

उत्तर : आई वळणावर थांबते हे लिहिलंत ते बरं केलंत. रिपोर्टमध्ये ते कुठेच नाही. इको करताना आई डाव्या कुशीवर, डोक्याखाली हात घेऊन, छातीवर गार जेल लावून पडलेल्या होत्या. जिना काही त्या खोलीत नव्हता.

आमच्या माण तालुक्यातल्या विहिरीवर मी लहानपणी मोट पाहिली आहे. उन्हाळाभर पडून राहिलेली मोट आजोबा तशीच कधी सोडत नसत. आधी ती भिजवायची, तेल चोळायचं. वाळकं कातडं पाण्यावर तरंगतं, भरायलाच तयार नसतं. बैल धावेवर कितीही जोर लावू देत, मोटेत जेवढं आलं तेवढंच थारोळ्यात पडणार. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे डावा खालचा कप्पा, अशीच आहे. तिची कामं दोन : भरणं आणि उपसणं. ‘पंपिंग’ म्हणून आपण जो आकडा विचारतो, म्हणजे ईएफ, तो फक्त उपसण्याचा, आणि तोही टक्क्यांत : भरलेल्यातलं किती बाहेर पडलं.

टक्के फसवतात. एका हृदयात ठोक्याला ११० मिलिलिटर रक्त भरतं आणि ६८ बाहेर पडतं, ईएफ ६२. दुसऱ्यात ७० भरतं, ४३ बाहेर पडतं, तरी ईएफ ६१. कागदावर दोघी बहिणी, पण एकीच्या अंगाला प्रत्येक ठोक्याला २५ मिलिलिटर कमी मिळतंय. कधी तर भरतं तेवढंच, पण जास्त दाबानं भरावं लागतं. तो दाब मागे डाव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, आणि तिथून फुप्फुसात चढतो. बसल्या जागी भागून जातं. जिन्यावर ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधली भरायची सवड कमी होते आणि दम लागतो.

आता ‘डायस्टोलिक’, म्हणजे भरण्याच्या वेळचा, या शब्दाकडे वळू. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. एक, आकुंचनानंतर स्नायू सैल पडणं. हे आपोआप होत नाही. पेशीतलं कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घ्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. वयानं, बीपीनं हे काम मंदावतं. दुसरी, खरा ताठपणा : पेशींच्या आतलं टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं प्रथिन आणि बाहेर साचलेलं कोलॅजन. पहिलं सुस्ती, दुसरं ताठरपण. ग्रेड १ मध्ये बहुतेकदा सुस्तीच असते आणि साठीनंतर ती खूप जणांत दिसते. ‘वयोमानानं’ हे उत्तर अगदीच चुकीचं नव्हे, अर्धं आहे.

ताठपणा थेट मोजायचा तर जवनिकेत नळी घालून दाब आणि आकारमान एकाच वेळी टिपावं लागतं. थोडं रक्त वाढलं की दाब किती उसळतो ते पाहायचं. हे सरसकट कोणी करत नाही. इको खुणांवरून अंदाज बांधतो. (१९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ यांनी पहिल्यांदा ध्वनिलहरींनी हृदय टिपलं, ते धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रानं. जहाजाच्या पत्र्यातली चीर सापडते, तर झडप का नाही, असा सरळ हिशेब.)

तुमच्या फोटोतले आकडे वाचते. कर्णिका आणि जवनिका यांच्या मधल्या मिट्रल झडपेतून रक्त आधी आपसूक आत येतं, त्या ‘ई’ लहरीचा वेग : ५८. मग कर्णिका शेवटचा धक्का देते, ती ‘ए’ : ८४. तरुणपणी ई मोठी असते, इथे उलटी आहे, म्हणून ग्रेड १ लिहिलं. पण झडपेच्या कडेचा स्नायू किती वेगानं मागे सरकतो, ती ‘ई-प्राइम’, सरासरी ५.५ आहे. ई आणि ई-प्राइम यांचा भागाकार साडेदहा. १४ च्या वर गेला असता तर दाब वाढलाय असं मी म्हटलं असतं. ८ च्या आत असता तर निर्धास्त झाले असते. हा अधला-मधला आहे. कर्णिकेचं आकारमान मात्र ३७ आहे, ३४ च्या वर. शुगरवाल्यांची तीन महिन्यांची सरासरी काढतात ना, तशी कर्णिका ही जुन्या दाबाची वही आहे. आणि उजव्या बाजूच्या झडपेच्या गळतीचा वेग मोजलेलाच नाही. एवढ्यावर मी ‘ठरवता येत नाही’ असं लिहिलं असतं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. उमेदवारीच्या काळात एका भाजीवाल्या मावशींचा इको मी ‘नॉर्मल’ म्हणून दिला होता. ई मोठी, ए लहान, तरुण पोरीसारखं चित्र. दाब फार वाढला की लहरी पुन्हा सरळ दिसतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण साठीच्या बाईचं चित्र विशीतलं कसं, हे विचारलं नाही. ‘हृदय बरंय तर रात्री उठून बसावं का लागतं?’ असं त्या विचारत होत्या. आठवड्यानं त्या पाय सुजून, धापा टाकत परत आल्या.

तर आता करायचं काय? हिमोग्लोबिन, थायरॉइड, फुप्फुसं तपासून घ्या. दम म्हटलं की हृदयच असं नाही. एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी करा, मात्र अंगानं जाड असलेल्यांत ती खोटी कमी येऊ शकते. नाडी अनियमित लागते का ते बघा. एवढं करून उलगडा नाही झाला तर सायकल मारून लगेच इको करा, म्हणजे आईंचा जिना त्या खोलीत येईल. ईएफ चांगला असलेल्या हृदयविकारात फ्लोझिन गटातल्या, मूळच्या शुगरच्या, गोळ्यांचा उपयोग २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत दिसला आहे. निदान झालं तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, शेजाऱ्यांच्या शुगरच्या डब्यातली काढून देऊ नका. आणि बीपी घरी, सकाळी, बसवून मोजा.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरसाठी ‘लाल औषध’ चालू आहे. ईएफ ६० च आहे, पण ‘स्ट्रेन’ उणे २० वरून उणे १६.५ झाला म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उणे म्हणजे हृदय उणं झालं का? – वाचक, फोंडा

उत्तर : नाही हो. हे औषध काहींच्या हृदयाच्या स्नायूला थकवतं, म्हणून इकोवर लक्ष ठेवतात. स्ट्रेन म्हणजे स्नायू किती आखडतो त्याचं माप. स्नायू आखडताना त्याची लांबी कमी होते, म्हणून उणे. उणे २० म्हणजे बुडापासून टोकापर्यंतची लांबी पाचव्या हिश्शानं आखडली. पडद्यावर स्नायूत जे करडे ठिपके दिसतात, त्यांचा माग काढून संगणक हे मोजतो. आतल्या थरातले उभे तंतू आधी थकतात, आडवे तंतू सांभाळून घेतात, म्हणून ईएफ बराच काळ जागचा हलत नाही. तुमची घट साडेसतरा टक्के आहे. पंधराच्या वर गेली की आम्ही कान टवकारतो. पुढचा इको त्याच मशीनवर करा, कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात. औषध मनानं बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना आपसात फोनवर बोलायला लावा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : घड्याळातल्या ईसीजीवर हृदयाचा ताठपणा कळतो का? – वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ते वीज टिपतं. अनियमित ठोके मात्र पकडू शकतं, तशी सूचना आली तर दुर्लक्ष करू नका.