एकाच डीव्हीडीवर तीन-चार लिनक्स बसवायच्या असतील तर

आधी हिशेब कर. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण संगणक ती ४.३८ दाखवतो. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) एकटीच त्यात मावत नाही, तिचा नाद सोड. डेबियनचं हलकं लाइव्ह (न बसवता थेट डिस्कवरून चालणारं), अँटिएक्स, पपी असं काही हलकं लिनक्स घे. खानापूर-निपाणीकडच्या जुन्या दोन जीबी रॅमच्या मशीनवर तसंही हेच चालणार. प्रत्येक आयएसओचा शा-२५६ (फाइल बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा) तपासूनच पुढे जा.

नवखे अडकतात ते फोल्डरच्या नावात. डेबियन कुळातल्या बऱ्याच लाइव्ह डिस्क आपली फाइलसिस्टीम 'लाइव्ह' नावाच्या फोल्डरात शोधतात. दोघींचे फोल्डर एकत्र ओतलेस की एक दुसरीवर चढते. म्हणून अशा प्रत्येकीला वेगळा फोल्डर दे आणि ग्रबच्या (सुरुवातीला मेनू दाखवणाऱ्या बूटलोडरच्या) कर्नल ओळीत 'लाइव्ह-मीडिया-पाथ'ने तो सांग. कर्नल (लिनक्सचा गाभा), इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइलसिस्टीम) आणि स्क्वॉशएफएस (दाबून भरलेली मुख्य फाइलसिस्टीम) तिन्ही एकाच आयएसओतले हवेत, नाहीतर कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरे) जुळत नाहीत आणि बूट मध्येच अडकतं. फेडोराची तऱ्हा वेगळी, ती डिस्कचं लेबलही बघते.

मग ग्रब-एमकेरेस्क्यू या आज्ञेने सगळ्यांची मिळून एक आयएसओ बनव. त्यासाठी झॉरिसो आणि एमटूल्स ही पॅकेजं लागतातच. बायोस (जुन्या मशीनची बूट पद्धत) व युईएफआय (नवी पद्धत) दोन्हीचे ग्रब पॅकेज टाकलेले असले तर दोन्हीकडे बूट होते. सिक्युअर बूट (सही नसलेलं बूट अडवणारी सोय) मात्र बंद करावं लागतं, हे कव्हरवर मराठी-कन्नड दोन्हीत लिही.

डीव्हीडी जाळण्याआधी (लिहिण्याआधी) क्यूईमूमध्ये, म्हणजे आभासी संगणकात, मेनूतली प्रत्येक ओळ चालवून बघ. जाळताना वेग ४एक्स ठेव, नंतर पडताळणी कर. कागदी स्टिकर चिकटवू नकोस, तबकडी डगमगते. सीडी मार्करच बरा.