जुन्या चौकटीच्या सागवानातून घरी इलेक्ट्रिक गिटार बनवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावचं घर उतरवलं तेव्हा दाराच्या चौकटीचं सागवान तुम्ही ठेवून घेतलंय, मुलगी नववीत आहे, गिटार शिकतेय. त्या लाकडातून तिच्यासाठी, तिच्या हाताला बसेल अशी इलेक्ट्रिक गिटार घरी होईल का? सागवान चालेल का? आणि विकतच्यापेक्षा स्वस्त पडेल का?

होईल. सागवान चालेल. स्वस्त मात्र पडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहा-बारा हजारांत नवशिक्यासाठी बरी गिटार दुकानात मिळते. तुम्ही नुसता राउटर (लाकूड कोरायचं मशीन) आणि त्याचे बिट (पाती) घ्यायला गेलात तरी त्यातला मोठा हिस्सा संपतो. पैसे वाचवायचे असतील तर इथेच थांबा. हौस असेल तर पुढे वाचा. मी पुण्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हेच उद्योग करतो, त्यामुळे जे सांगतोय ते आपल्याकडच्या वखारी, आपल्याकडचे पार्ट आणि आपल्याकडचा पावसाळा धरून.

प्रत्येक जण पहिल्यांदा लाकडाचं विचारतो, कारण लाकूड डोळ्यांना दिसतं. पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अकूस्टिकसारखा पेटीतून येत नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. अ‍ॅम्पला तेवढंच कळतं. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर नेक (गिटारची लांब मान), तारा आणि पिकअप बसवून वाजवून दाखवलं होतं. दोन्ही बाजूंना गिटारचे पंख जोडले ते मुख्यतः लोकांना ती गिटार वाटावी म्हणून. आणि क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेची गिटार तर तुमच्याच जातकुळीची. १९६३ साली शाळकरी वयात त्याने वडिलांबरोबर ती घरी बनवायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, फ्रेटबोर्डवरचे (बोटं दाबायच्या पट्टीवरचे) ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोत (दांडा हलवून सूर डोलवायच्या यंत्रणेत) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पुढे आयुष्यभर तो तीच वाजवत आलाय.

तेव्हा अमुक लाकडाचा आवाज 'गरम' आणि तमुक लाकडाचा 'चकचकीत' या भांडणात पडू नका. लाकडाकडून तीन गोष्टी हव्यात: ते वाळलेलं असावं, त्यात स्क्रू घट्ट बसावेत आणि ते खांद्याला झेपावं. पहिल्या दोन्हींत तुमची चौकट उत्तम. पन्नास-साठ वर्षं घराच्या दारात उभं राहिलेलं लाकूड वखारीतल्या नव्या कापाच्या मालापेक्षा कधीही भरवशाचं. नवीन माल बहुतेक वेळा ओला असतो आणि पावसाळा गेला की वाकतो.

खरी अडचण वजनाची. परदेशात बॉडीला सर्रास वापरतात ते अल्डर हलकं असतं, त्याची बॉडी दोन किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची सागवानाची तीन किलोच्या जवळ जाते. त्यावर नेक, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), तारा पिळायच्या खुंट्या म्हणजे ट्यूनर चढले की सव्वाचार किलो. नववीतल्या मुलीला उभं राहून तासभर हे झेपणार नाही. उपाय सोपा आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीने १९६८ मध्ये आपल्या टेलिकास्टर गिटारचा थिनलाइन अवतार काढला तो वजन उतरवायलाच: बॉडी आतून पोकळ कोरायची, मग पातळ फळी चिकटवून झाकायची. मधला पट्टा, जिथे नेक, पिकअप आणि ब्रिज येतात, तो भरीव ठेवा आणि दोन्ही बाजूंना पोकळ्या करा. अर्धा-पाऊण किलो सहज उतरतं. माझ्या रोजच्या वापरातली गिटार शिवण या झाडाच्या लाकडाची आहे, ती मुळातच हलकी. पण तुमच्याकडे गावच्या घराच्या दाराचं लाकूड असताना मी शिवण घ्या म्हणणार नाही.

चौकटीचं गणित बघा. साधारण चार बाय तीन इंचाची आणि सात फुटांची उभी बाही असेल तर एकीतच काम होतं. तिचे एकोणीस-एकोणीस इंचांचे चार तुकडे करा. तीन इंचांची जाडी रंध्याखाली ४५ मिलिमीटरवर आणायची आहे, त्यामुळे दार बसायची खाच कापात आपोआप निघून जाते. चार इंचांच्या बाजू शेजारी शेजारी चिकटवल्या की बॉडीला पुरेल एवढी, चौदा-पंधरा इंच रुंद फळी तयार. वरची पातळ फळी उरलेल्या लाकडातून निघेल. तिची जाडी धरून एकूण ४५ ठेवा. रंध्याखाली घालायच्या आधी तुटक्या स्पीकरचं लोहचुंबक प्रत्येक तुकड्यावरून सावकाश फिरवा. जुन्या चौकटीत डोकं तुटलेले खिळे असतातच, आणि सुताराच्या मशीनचं पातं त्यावर गेलं तर तो पुन्हा तुमचं लाकूड हातात घेणार नाही. दुसरं, सागवान तेलकट असतं. ताजा रंधा मारलेल्या बाजूंवर चिकटवण्याच्या अगदी आधी थिनरचा बोळा फिरवा, मग फेविकॉल लावून क्लॅम्प आवळा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका.

आता नेक. पहिल्या गिटारला नेक स्वतः बनवू नका, तयार घ्या. हे माझं ठाम मत आहे. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सूर हलला तर सरकवता येतो. गिटारचा फ्रेट, म्हणजे तिचा धातूचा पडदा, एकदा ठोकला की ठोकला. ६४८ मिलिमीटरच्या स्केलवर (नट ते ब्रिज एवढ्या तारेच्या लांबीवर) पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, ३६.३७ मिलिमीटरवर, दुसरा ७०.७० वर, बारावा बरोबर अर्ध्यावर म्हणजे ३२४ वर येतो. प्रत्येक फ्रेटपासून ब्रिजपर्यंतचं उरलेलं अंतर १.०५९४६ ने भागत जायचं. यात मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं की कान तक्रार करतो. शिवाय आत ट्रस रॉडची (नेकचा बाक सांभाळणाऱ्या सळईची) खाच, पाठीचा उतार, फ्रेटबोर्डची गोलाई. हे सगळं दुसऱ्या गिटारसाठी राखून ठेवा.

मुलीचा हात लहान म्हणून कमी स्केलची नेक शोधायच्या मागेही लागू नका. गिब्सन कंपनीचं स्केल ६२८ आणि फेंडरचं ६४८, पण पहिल्या फ्रेटवर दोघांत फरक पडतो जेमतेम एका मिलिमीटरचा. लहान हाताला त्रास होतो तो नेकच्या जाडीचा. पाठीला पातळ 'सी' आकाराची नेक घ्या, आणि तरी जाड वाटली तर पाठ थोडी घासून घेता येते, फक्त ट्रस रॉड आत आहे हे विसरू नका.

नेक हातात आल्याशिवाय बॉडीवर एकही रेघ मारू नका. आधी नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पट्टीने मोजा. ३२४ आलं तर स्केल ६४८. विकणाऱ्याने काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. मग मोठ्या कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढा, वरूनही आणि बाजूनेही. बाजूचं चित्र लोक काढत नाहीत आणि मग तारा एक तर फ्रेटला चिकटतात नाहीतर बोटभर वर राहतात. नेकची टाच साधारण २५ मिलिमीटर जाड, तिचा खड्डा १६ खोल, म्हणजे ९ मिलिमीटर बॉडीच्या वर. त्यावर फ्रेट आणि तारेची उंची धरली की ब्रिजची सॅडल (तार जिच्यावर टेकते तो तुकडा) किती उंच हवी ते कागदावरच कळतं. ब्रिज सपाट, हार्डटेल जातीचा, म्हणजे न हलणारा घ्या. गिब्सनच्या लेस पॉल नावाच्या गिटारवर असतो तसला उंच ब्रिज घेतलात तर नेक तिरकी बसवावी लागते, आणि ट्रेमोलो घेतलात तर पाठीमागे आणखी एक मोठा खड्डा. दोन्ही टाळा.

बॉडीचा आकार हा मुलीचा प्रांत. तिला कागदावर काढू द्या, पुठ्ठ्याचा कापून मांडीवर ठेवून बघू द्या, बॉडीचं पुढे आलेलं टोक, म्हणजे शिंग, कुठे टोचतंय ते तिलाच कळेल. फक्त वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचू द्या. पट्टा तिथे अडकतो, आणि ते आखूड राहिलं तर नेक सारखी खाली झुकते. आकार ठरला की चित्र संगणकावर उतरवून एमडीएफच्या जाळ्या कापणाऱ्या सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणारं कापायचं मशीन असतं त्याच्याकडे) न्या. देवघराच्या आणि पार्टिशनच्या जाळ्या कापणारे हे लोक आता प्रत्येक गावात आहेत. बारा मिलिमीटरच्या एमडीएफमधून बाहेरचा आकार, नेकचा खड्डा आणि पिकअपचा खड्डा अशी टेम्पलेटं ते कापून देतात.

मग बेअरिंगचा बिट लावून राउटर टेम्पलेटच्या कडेने फिरवायचा. एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. बाहेरचा आकार आधी जिगसॉने (विजेच्या छोट्या करवतीने) दोन मिलिमीटर बाहेरून कापून घ्या, म्हणजे राउटरला थोडंच खावं लागेल. शिंगांच्या टोकाला लाकडाच्या रेषा आडव्या येतात, तिथे ढलपी उडते. तिथे आणखी कमी खोल. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते, त्यामुळे कार्बाइडचेच बिट. आणि मास्क बांधा. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला चांगलाच लागतो.

नेकचा खड्डा इतका घट्ट हवा की नेक दाबून बसवली आणि गिटार नेक धरून उचलली तरी स्क्रूशिवाय बॉडी लटकून राहावी. स्क्रूची भोकं बॉडीत किंचित सैल, नेकमध्ये घट्ट. आटे फक्त नेकने धरायचे, म्हणजे दोन्ही आवळले जातात. नेकचं लाकूड कडक असतं, स्क्रूला मेण लावा, नाहीतर डोकं तुटून स्क्रू आतच राहतो.

ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी. नेक बसवा, ब्रिज नुसता ठेवा, पातळ ई तारेची (सगळ्यात बारीक तारेची) सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ती नटपासून ६४८ वर येईल असा सरकवा. बाकीच्या सॅडल मागे जाणार, जाड ई सगळ्यात मागे. मग शिलाईचा दोरा घ्या, नटच्या पहिल्या खाचेतून ब्रिजच्या पहिल्या सॅडलपर्यंत ताणा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. दुसरा दोरा सहाव्या तारेच्या जागी. आता वरून एक डोळा मिटून बघा: शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे नेकच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहेत का? एका बाजूला दोरा कडेवर आला असेल तर ब्रिज केसभर सरकवा आणि पुन्हा बघा. पिकअपचे खांब (त्याच्या वर दिसणारी धातूची टोकं) तारांखाली येतायत का, तेही याच वेळी. दोरे मनासारखे बसले की मगच टोच्याने खूण करा.

वायरिंगला घाबरू नका. एक हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), एक व्हॉल्यूम, एक जॅक, टोनसुद्धा नको. पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा पार्ट) ५०० के, आणि 'ए' लिहिलेला. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर न सांगता 'बी' हातात पडतो, त्याने व्हॉल्यूम एकाच टोकाला एकदम उडी मारतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर पाठ काचपेपरने खरवडा आणि चाळीस-साठ वॉटची सोल्डरिंग आयर्न वापरा; पंचवीस वॉटची तिथे थंड पडते. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीला न्यायची आहे. ती राहिली की अ‍ॅम्प घुमत राहतो. खड्ड्यांना आतून तांब्याची पट्टी चिकटवून तीही त्याच पाठीला जोडा. एवढं करून घूं थांबली नाही तर गिटारला दोष देण्याआधी घरातल्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या.

तारा बारीक, ९-४२ जाडीच्या लावा, मुलीच्या बोटांना बऱ्या. सूर लावल्यावर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला फिलर गेज वापरतात, त्यातली ०.२० ची पात जेमतेम जायला हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळा, थांबा, पुन्हा मोजा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पातळ बाजूला दीड आणि जाड बाजूला दोन मिलिमीटर धरा. मग बारावा दाबून वाजवलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून वाजवलेला हार्मोनिक ट्यूनरवर पडताळा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. एखादा फ्रेट खरखरत असेल तर तीन फ्रेटवर बसेल एवढी छोटी सरळ पट्टी ठेवून बघा. ती झुलली तर मधला उंच आहे.

हे सगळं कच्च्या लाकडावर करा, पॉलिश न लावता. मुलीला महिनाभर तशीच वाजवू द्या. कोपराखाली कड टोचते, जॅकची वायर मांडीत येते, असं काहीबाही ती सांगेल, आणि कच्चं लाकूड असलं की कानस घेऊन दहा मिनिटांत काम होतं. मग सगळे पार्ट उतरवून मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारून घ्या, पण पाऊस थांबल्यावर. दमट हवेत मेलामाइनवर पांढरी झाक धरते. घरीच करायचं तर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात पुरतात. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून डब्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. गच्चीत दोरीवर पसरून वाळवा.