फ्यूज बदलून आवाज सुधारतो का? वाचकांची प्रश्नोत्तरे

पाऊस सरला की आमच्याकडे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येऊ लागतात, आणि सोबत प्रश्नही. यंदा बऱ्याच जणांनी फ्यूजबद्दलच विचारलंय, म्हणून आज तेवढंच घेतो.

प्रश्न : मित्राने सोन्याचा मुलामा दिलेला सहा हजारांचा फ्यूज सुचवलाय. बेस मोकळा होतो म्हणतो. घेऊ का? (गुहागर)

उत्तर : नका घेऊ. ॲम्प्लिफायरच्या मागे, जिथे वीज आत शिरते, तिथे २ अँपिअरचा साधा काचेचा फ्यूज असतो. त्याचा रोध साधारण ०.०५ ओहम. आता घरातली वायर बघा. मुख्य बोर्डापासून प्लगपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर असली, तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे जवळपास अर्धा ओहम. फ्यूजच्या दहापट! त्यापलीकडे खांबावरची लाइन आणि डीपी राहिलीच. विहिरीवरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पाच-दहाने सहज खाली येतं. फ्यूजमध्ये एका अँपिअरला जातो तो एका व्होल्टचा विसावा भाग. शिवाय ही वीज स्पीकरपर्यंत तशीच जात नाही. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधून जाऊन तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होते, ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि गाणं त्या साठ्यावर चालतं.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे फ्यूज खरोखर आवाजात येतो. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये तो थेट स्पीकरच्या वाटेत असतो. पखवाजाच्या जोरकस थापेला त्याची तार तापते, मग निवते, आणि त्याबरोबर रोध वर-खाली होतो. खालच्या सुरांत त्याची विकृती मोजता येते. पण महागड्या फ्यूजची तारही तापूनच वितळायची असते, त्यामुळे तिथेही सोनं उपयोगाचं नाही.

तरी मनात राहिलंच, तर घरातल्या कुणाला तरी फ्यूज बदलायला सांगा, दर वेळी प्लग काढून. कोणता घातला ते तुम्हाला कळू देऊ नका. दहा वेळा ऐका आणि दर वेळी ओळखून लिहून ठेवा.

प्रश्न : फ्यूजवर बाण असतो. दिशा उलटी झाली तर आवाज बिघडतो का? (अलिबाग)

उत्तर : नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. बाण कुठल्या बाजूला ठेवणार?

प्रश्न : गणपतीत ॲम्प्लिफायर खरखरत होता, मधूनच एक बाजू बंद पडायची. आतले फ्यूज नवे, चांगल्या प्रतीचे घातले आणि आवाज स्वच्छ झाला. मग फ्यूजने फरक पडतो असंच ना? (मालवण)

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, कारण वेगळं आहे. असाच एक ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला होता, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातला. आतल्या सर्किट बोर्डावरचा फ्यूज काढला तर त्याच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काळवंडलेल्या, आणि फ्यूज धरणाऱ्या क्लिपच्या आतल्या बाजूला हिरवट पूड. खारा वारा आणि चार महिन्यांची दमट हवा धातूला असं खाते. मी तोच जुना फ्यूज दोन-तीनदा काढून घातला. घासून संपर्क परत जुळला आणि खरखर गेली. तुमच्याकडेही नवा फ्यूज खोचताना तेच झालं असणार. पण हा आराम थोड्या दिवसांचा. क्लिप कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या, सैल असतील तर बदला. कोकणात आवाजासाठी पैसे घालायचेच असतील, तर ते इथे घाला. आणि उघडण्याआधी नुसता प्लग काढून भागत नाही. कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्यामुळे हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

प्रश्न : बटण दाबलं की फ्यूज उडतो. वायरमनने तांब्याची तार गुंडाळून दिली, आता नीट चाललंय. चालेल ना? (देवगड)

उत्तर : आज, आत्ता प्लग काढा. आत काही शॉर्ट झालं तर ती तार तुटणार नाही, ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि आमच्याकडच्या लाकडी माडीच्या घरांत पुढे काय होईल ते मला लिहायलाही नको वाटतं.

उडालेला फ्यूज अजून असेल तर उजेडात धरा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. तार नुसती मधोमध तुटली असेल तर बहुधा चुकीचा फ्यूज पडलाय. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यासाठी सावकाश उडणारा फ्यूज लागतो. टोपीवर 'टी' असं इंग्रजी अक्षर असेल तो सावकाश, 'एफ' तो झटपट. दुकानदार पुष्कळदा हातात येईल तो देतो. अँपिअर, २५० व्होल्ट आणि हे अक्षर, तिन्ही मागच्या पट्टीवर छापल्याप्रमाणेच हवीत. मूळचा फ्यूज पांढरा, सिरॅमिकचा असेल तर त्या जागी काचेचा घालू नका. सिरॅमिकच्या पोटात बहुधा वाळू असते, ती मोठ्या शॉर्टमधली ठिणगी विझवते. काच तिथे फुटू शकते.

प्रश्न : फ्यूज नको, मान्य. पण स्पीकरमधली घूं घूं कशी घालवू? (देवरुख)

उत्तर : आधी टीव्हीची डिश केबल काढून बघा. थांबली, तर अर्थिंगचं वेटोळं झालंय, म्हणजे ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडला गेलाय. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. घूं जावी म्हणून प्लगची जाडी पिन काढून टाकतात, ते मात्र कधीही करू नका. अर्थिंगचा खड्डाही तपासून घ्या. जांभ्यात पाणी ठरत नाही, मे महिन्यात खड्डा पार कोरडा पडतो. त्या दिवसांत त्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतत जा.