इतक्या लहान वयात खुबा बदलायचा?

खुब्याचं हाड मरत चाललेले, म्हणजे एव्हीएनचे तरुण रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच हिशेब घोळत असतो. कृत्रिम सांधा काही वर्षांनी झिजणार, मग आत्ता कशाला बदलायचा? चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत कळ काढली तर?

ती आली तेव्हा ३१ वर्षांची होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, चार वर्षांचा मुलगा, आणि ल्यूपस या, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजारासाठी बराच काळ स्टिरॉइड चालू. जांघेतून मांडीत आणि गुडघ्यात कळ जायची, म्हणून आधी कंबरेवर आणि मग गुडघ्यावर उपचार झाले. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. एमआरआय होईपर्यंत उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खचला होता. डाव्या बाजूलाही रक्तपुरवठा तुटायला सुरुवात झाली होती, पण तिथला गोळा अजून शाबूत होता.

सोबत वडील आणि नवरा होते. वडील म्हणाले, "मॅडम, आत्ता बदलला तर साठीच्या आत पुन्हा चिरफाड. त्यापेक्षा पोरीला थोडं सोसू द्या." त्यांची काळजी खोटी नव्हती, आणि मी ती उडवून लावली नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला, त्यात २५ वर्षांनंतरही साधारण ५८ टक्के कृत्रिम खुबे टिकून होते. त्या नोंदींतले बरेच सांधे जुन्या प्लास्टिकचे होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आलेलं प्लास्टिक बरंच कमी झिजतं. पण अभ्यासातल्या रुग्णांमध्ये उतारवयाची माणसंच जास्त होती. वय जितकं कमी, तितकी आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता अधिक, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. हे मी त्यांना तसंच सांगितलं. "आता आयुष्यभर बघायला नको" असं म्हणून मी कुणालाही घरी पाठवत नाही.

मग तिला विचारलं, सकाळी उठल्यापासूनचा दिवस सांग. पोराला कडेवर घेणं कधीच सुटलं होतं. संडासात बसताना दाराची कडी धरावी लागायची. शाळेत फळ्यापर्यंत जाणंही ती टाळायची. आणि रोज दोन-तीन वेदनाशामक गोळ्या, औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडाला आधीच धोका असतो, त्यात या गोळ्या. नवऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. कळ काढण्याची किंमत काय, हे त्या दिवशी घरच्यांनी पहिल्यांदा मोजलं. गोळा एकदा खचला की तो थांबून पुन्हा गोल होत नाही. मांडीचे स्नायू मात्र वाळत जातात, पाय आखूड पडतो, कंबरेवर ताण येतो. माझ्या मते वाट पाहण्याचा निर्णय याच्या समोर ठेवूनच घ्यायला हवा.

पुरुष मंडळी बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "स्टिरॉइडनंच झालं ना हे? मी गोळी निम्म्यावर आणलीय. कुणाला सांगितलं नाही." मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड मनानं कमी केलं किंवा बंद केलं, तर ल्यूपस उसळू शकतो आणि जिवावरही बेतू शकतं. त्याच दिवशी तिला तिच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. ज्या औषधानं तिचा आजार आटोक्यात ठेवला, ते घेतल्याचा अपराध तिच्या माथी नाही, हे मात्र मी तिला दोनदा सांगितलं. दारूमुळे एव्हीएन झालेल्यांनाही दोष ऐकून ऐकून दुखणं लपवावं लागतं. सिकलसेल या जन्मजात रक्ताच्या आजारामुळे एव्हीएन झालेल्या गडचिरोली-नंदुरबारकडच्या मुलामुलींनी तर काहीच केलेलं नसतं.

तिचा आणखी एक प्रश्न होता: दुसरं मूल? कृत्रिम खुबा असला म्हणून दिवस जायला अडचण येत नाही, आणि केवळ त्या कारणानं सिझेरियनही करावं लागत नाही. ल्यूपस किती शांत आहे आणि कोणती औषधं चालू आहेत, यावर मात्र ते अवलंबून असतं. ते संधिवाततज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील.

सर्जनना विचारायचे प्रश्न आम्ही कागदावर उतरवले. कोणता सांधा बसवणार? स्टिरॉइड चालू असताना जंतुसंसर्गाचा धोका किती, तो कसा टाळणार? सांधा निखळू नये म्हणून किती आठवडे वाकायचं नाही? मांडी घालून बसता येईल का? शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरागणिक वेगळं उत्तर मिळतं, म्हणून तो ऑपरेशनच्या आधीच विचारावा.

तिनं उजवा खुबा बदलून घेतला. डाव्या बाजूला हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन झालं. गोळा खचण्याआधी पकडलं तरच त्याचा उपयोग होण्याची आशा असते, आणि तेव्हाही खात्री नसते. घरी कमोड बसवला. काही महिन्यांनी ती काठीशिवाय वर्गात उभी राहू लागली, वेदनाशामक गोळ्या सुटल्या. उजव्या सांध्याचा एक्स-रे ठरलेल्या वेळी काढायचा आहे, दुखत नसलं तरी. डाव्या खुब्यावर डॉक्टरांचं बारीक लक्ष आहे, आणि तपासणीची तारीख आता तिचे वडीलच लक्षात ठेवतात.